काळ्या रानात आणखी किती कर्ब मावेल?

प्रश्न : बीबी शिवारात (ता. लोणार, जि. बुलडाणा) माझं पाच एकर मध्यम ते भारी काळं रान आहे. खरिपात सोयाबीन-तूर, विहिरीला पाणी असलं तर मागून हरभरा. मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के आला आहे. आता गावात काही मंडळी येऊन सांगतात, की जमिनीत कर्ब साठवा, त्याचे पैसे मिळतील. माझ्या जमिनीत आणखी किती कर्ब साठू शकतो? आणि असा अंदाज बांधतात तरी कसा? — एक शेतकरी वाचक, बीबी

उत्तर : आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. तुमच्या हवामानात, तुमच्या मातीत, वीस वर्षं नेमानं चांगली व्यवस्था ठेवली तर ३० सेंमीच्या थरात एकरी साधारण एक ते तीन टन कर्ब वाढू शकेल. पत्रिकेवरचा ०.४८ हा आकडा ०.५५ ते ०.६५ च्या घरात जाईल. तीन वर्षांत दीड टक्का करून देतो असं कुणी सांगत असेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पण हा एक ते तीन टनांचा अंदाज आला कुठून हे कळल्याशिवाय त्यावर तरी तुम्ही विश्वास का ठेवावा? तेव्हा हिशेब उलगडून बघू.

पत्रिका टक्क्यांत बोलते, साठा मोजायचा तो टनांत. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. वरचा ३० सेंमीचा थर धरला तर १,२१४ घनमीटर माती झाली. एका घनमीटरचं वजन १.४ टन धरलं, तर एकरी १,७०० टन माती. तिचे ०.४८ टक्के म्हणजे ८.२ टन कर्ब. तुमच्या पत्रिकेचा नमुना वरच्या १५-२० सेंमीतलाच असणार आणि त्याखाली कर्ब थोडा कमीच असतो, म्हणून ८.२ हा आकडा जरा उदार हातानं काढलेला समजा. याच मापानं कर्ब एक दशांश टक्क्यानं वाढला, ०.४८ चा ०.५८ झाला, तर एकरी १.७ टनांची भर. कार्बन क्रेडिटवाले कर्ब मोजत नाहीत, कार्बन डायऑक्साइड मोजतात, त्यासाठी ३.६७ नं गुणायचं. म्हणजे सव्वासहा टन.

या हिशेबातला ‘१.४’ दिसतो साधा, पण आपल्या काळ्या रानात फसवणूक होते ती तिथेच. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात हात घालता येईल अशा भेगा पडतात, मधलं ढेकूळ दगडासारखं घट्ट होतं. त्या ढेकळात नळकांडं ठोकून घनता काढली तर एक आकडा येतो, श्रावणात ओल्या वावरात काढली तर दुसरा, नांगरटीनंतर भुसभुशीत रानात काढली तर तिसराच. जमिनीतला कर्ब मात्र तेवढाच असतो. ३० सेंमीच्या थरात कधी जास्त माती बसते, कधी कमी, त्यामुळे कागदावर साठा वाढल्याचा किंवा घटल्याचा भास होतो. म्हणून जाणकार खोलीला खोली लावून तुलना करत नाहीत. आधीच्या वेळी जेवढी माती तोलली तेवढ्याच वजनाच्या मातीतला कर्ब पुढच्या वेळी मोजतात. त्या भेगांचा आणखी एक परिणाम होतो. वरची काळीभोर माती त्यांतून खाली ओघळते आणि सोबत कर्बही खोल नेते. मुरमाड रानात असं होत नाही.

प्रयोगशाळेत काय घडतं तेही बघून घ्या. चाळलेली अर्धा-एक ग्रॅम माती काचेच्या चंबूत घेतात, तिच्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण आणि तीव्र गंधकाम्ल ओततात. आम्ल ओतताच चंबू हाताला चटका बसेल इतका तापतो आणि त्या उष्णतेत सेंद्रिय पदार्थ जळतो. अर्ध्या तासानं पाणी घालून थंड करतात, सूचक टाकतात आणि वरून थेंबथेंब फेरस अमोनियम सल्फेट सोडतात. गढूळ निळा-जांभळा रंग एका थेंबासरशी झगझगीत हिरवा झाला, की तोटी बंद. किती डायक्रोमेट खर्ची पडलं यावरून कर्ब निघतो. वॉकले आणि ब्लॅक यांनी ही पद्धत १९३४ मध्ये मांडली, आणि स्वस्त असल्यामुळे ती अजून टिकून आहे. तिच्यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी तीन चतुर्थांशाच्या थोडा वर जळतो, बाकीचा १.३ नं गुणून भरून काढतात. हा गुणक सगळ्या मातींना सारखा लागू पडत नाही. तेव्हा ०.४८ आणि ०.५२ या दोन आकड्यांत फरक आहे असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. एकाच वावरातल्या दोन खड्ड्यांत तेवढा फरक सहज निघतो.

तुमच्या भागात चुनखडीचंही बघावं लागतं. वखरणीत पांढरे खडे वर येतात, त्यांतही कार्बन असतो, पण तो दगडातला, असेंद्रिय. लोणारच्या सरोवरातून पूर्वी जी पापडी आणि दल्ला काढायचे, त्या खारांतही असाच कार्बन आहे. त्यानं रान सुपीक होत नाही. वॉकले-ब्लॅकच्या चंबूत तो मोजला जात नाही, हे आपल्या पथ्यावरच पडतं. पण महागड्या यंत्रात माती हजारएक अंशांवर जाळून एकूण कार्बन मोजला, आणि चुनखडी आधी आम्लानं काढून टाकली नाही, तर तुमचं रान कागदावर एकाएकी श्रीमंत होईल. कुणी यंत्राचा अहवाल दाखवला तर चुनखडी वजा केली आहे का, एवढं विचाराच. कोरड्या भागात मातीत चुनखडी वाढत जाणं हे तर बिघाडाचं लक्षण. तिच्यामागून सोडियमचं प्रमाण वाढतं, जमीन चोपण होते आणि पाणी मुरेनासं होतं.

आता मूळ प्रश्न : मावेल किती?

मातीत कर्ब टिकतो तो मुख्यतः चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटून. तिथे जिवाणूंना तो सहजी खाता येत नाही. जितके सूक्ष्म कण जास्त, तितकी जागा जास्त. हॅसिंक या डच शास्त्रज्ञानं १९९७ मध्ये यावर एक सूत्र दिलं. २० मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची टक्केवारी ०.३७ नं गुणायची आणि त्यात ४.०९ मिळवायचे, येईल तो आकडा म्हणजे दर किलो मातीत त्या कणांना धरून ठेवता येणारा कर्ब, ग्रॅममध्ये. तुमच्या मध्यम-भारी रानात असे बारीक कण ७५ टक्के धरले तर उत्तर येतं सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे ३.२ टक्के. आज आहे ०.४८. मग राहिलेली जागा २.७ टक्के, एकरी पंचेचाळीस टनांवर! व्याख्यानांतून आणि माहितीपत्रकांतून जे डोळे दिपवणारे आकडे येतात, ते बहुतेक याच वाटेनं आलेले असतात. सूत्र खोटं नाही. ते सांगतं जागा किती आहे. ती भरेल का, हे सांगणं त्याचं काम नाही.

जमीन हा गळका रांजण आहे. रांजण केवढा मोठा याला फारसा अर्थ नाही. पाणी किती उंचीवर थांबेल हे ठरतं ते वरून पडणारी धार आणि खालची गळती यांवर. इंग्लंडच्या थंड, वर्षभर ओल्या मातीत गळती मंद असते. बीबीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, मग जूनमध्ये तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडतो आणि जिवाणू एकदम कामाला लागतात. पेरणीआधीच्या त्या पहिल्या सरींचा जो वास येतो, त्याच वेळी मातीतून कार्बन डायऑक्साइडही भराभरा सुटत असतो. वरची धारही बारीक. पाऊस सात-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. सोयाबीन निघालं आणि मागून हरभरा झाला नाही, तर रान सात-आठ महिने उघडं पडतं.

धार किती ते मांडून बघू. एकरी आठ क्विंटल सोयाबीन झालं तर कुटार दहाएक क्विंटल निघतं. त्यातला कर्ब सुमारे चार क्विंटल. मुळं आणि शेतातच गळालेला पाला मिळून आणखी तीन-चार क्विंटल. हे सगळं वावरातच राहिलं, तरी वर्षा-दोन वर्षांत बहुतेक जिवाणूंच्या श्वासावाटे उडून जातं. मागे राहतो तो आठव्या-दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे नुसतं कुटार बाहेर न नेता रानातच ठेवलं, तर एकरी वर्षाला चाळीस-पन्नास किलोंची भर. वीस वर्षांत, गळती धरून, एक टनाला थोडी कमी. माझ्या ‘एक ते तीन’मधला एक इथून आला. मुळांतून येणारा कर्ब वरून टाकलेल्या कुटारापेक्षा जास्त टिकतो हेही लक्षात घ्या. तुरीचं खोल मूळ इथे सोयाबीनपेक्षा उजवं. पऱ्हाटी, तुराट्या आणि कुटार धुऱ्यावर पेटवून देण्याची सवय असेल, तर ती आज सोडा. त्यासाठी कुठल्याही क्रेडिटची वाट बघायला नको.

तिनाचा आकडा कुठून आला? संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीनं देशादेशांच्या हिशेबासाठी ठरवून दिलेली एक पद्धत आहे. तिच्यात हवामान आणि मातीचा प्रकार पाहून न नांगरलेल्या जमिनीचा एक मूळ साठा धरतात, मग शेतीची पद्धत पाहून त्याला गुणक लावतात. बदल पुरा व्हायला वीस वर्षं लागतात असं मानतात. २००६ च्या पुस्तिकेत कोरड्या उष्ण प्रदेशातल्या आपल्यासारख्या चिकणमातीला हेक्टरी ३८ टन हा मूळ साठा. वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानाला ०.५८ चा गुणक. उत्तर हेक्टरी २२ टन, म्हणजे एकरी ८.९, तुमच्या ८.२ शी बऱ्यापैकी जुळतं. आता दरसाल शेणखत आणि भरपूर पालापाचोळा दिला तर १.३७ चा गुणक, म्हणजे एकरी १२.२. वाढ तीन टनांची. २०१९ मध्ये हे आकडे सुधारले तेव्हा ३८ ऐवजी २१ आले आणि ०.५८ ऐवजी ०.९२. गुणाकार करून बघा, आजचा साठा फारसा बदलत नाही. पण पहिल्या हिशेबानं तुमच्या रानानं अर्ध्याला थोडा कमी कर्ब गमावलेला होता आणि दुसऱ्या हिशेबानं जेमतेम आठ टक्के. गमावलेलं परत मिळवायचं म्हटलं, तर एका पुस्तिकेत सहा टनांवर जागा आहे आणि दुसरीत एक टनसुद्धा नाही. शेतातली माती तीच, फक्त कोष्टक बदललं. म्हणून कोष्टकावरून देशाचा हिशेब करावा, पाच एकराचा करू नये. शेणखताचा १.३७ मात्र दोन्हीकडे तोच राहिला.

कोष्टकापेक्षा मला जास्त भरवसा वाटतो तो पाटणचेरूच्या प्रयोगाचा. हैदराबादजवळ इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या आवारात १९७६ पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. पाऊसमान साधारण तुमच्यासारखंच. एका बाजूला जुनी रीत : खरिपात रान पडीक, रब्बीत पीक, वर्षाआड शेणखत. दुसऱ्या बाजूला रुंद वरंबे-सऱ्या, खरिपातच पेरणी, तुरीचं आंतरपीक आणि रासायनिक खताची रास्त मात्रा. दोन तपांनंतर सव्वा मीटर खोलीपर्यंत माती तपासली, तेव्हा सुधारित बाजूला हेक्टरी वर्षाला सुमारे ३३० किलो कर्ब जास्त साठल्याचं दिसलं. एकरी १३०-१३५ किलो. शेणखताच्या बाजूला हरवलं ते नुसत्या जोमदार पिकानं, जास्त मुळांनी आणि जास्त पानगळीनं. उत्पादनही चौपटीच्या वर निघालं. रासायनिक खत दिलं की कर्ब संपतो, असं बांधावर बसून सांगणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर बघावा. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर १९८८ पासून चाललेला दीर्घकालीन खत प्रयोगही हेच सांगतो : काहीच न देणाऱ्या वाफ्यापेक्षा संतुलित खताच्या वाफ्यात कर्ब जास्त, आणि खतासोबत शेणखत दिलं तिथे त्याहून जास्त.

मात्र पाटणचेरूचे १३० किलो सरळ आपल्या खात्यात लिहू नका. तिथली जुनी बाजू खरिपात पडीक होती. तुम्ही खरिपात पेरताच, तूर घेताच, वेळ आली तर हरभराही काढता. त्या वाढीतला मोठा भाग तुमच्या जमिनीनं आधीच घेतलेला आहे. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या तपस भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास नोंदलेल्या जागा पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा काळ्या मातीच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी सेंद्रिय कर्ब वाढलेला निघाला. आपल्याकडे जमिनी नुसत्या खंगतच चालल्या आहेत हे पालुपद सगळीकडे खरं नाही. याच संस्थेनं नागपूर जिल्ह्यात जंगल, संत्र्याच्या बागा आणि पिकाखालची काळी रानं यांची तुलना करून दाखवलं, की प्रत्येक वापराखाली कर्ब एका पातळीपाशी येऊन थबकतो. वापर बदलला की पातळी बदलते.

ती वरची पातळी तुमच्या शिवारात कुठे आहे, हे तुम्हाला स्वतःला शोधता येईल. वावराला लागून जुना रुंद धुरा असेल, किंवा गायरानातला न नांगरलेला, मातीला माती जुळणारा तुकडा असेल, तिथला नमुना आणि वावरातला नमुना एकाच दिवशी, एकाच खोलीचा, एकाच प्रयोगशाळेत द्या. धुऱ्यावर ०.८ आला आणि वावरात ०.४८, तर तो ०.३२ चा फरक म्हणजे तुमच्या स्वप्नाची कमाल मर्यादा. पीक काढत राहून तिथवर पोचता येत नाही. तिसरा हिस्सा गाठला तरी पुष्कळ. झाडाखालची, उकिरड्याजवळची, जनावरं बांधतात तिथली माती घेऊ नका. धुऱ्यापाशी वाहून आलेली गाळवटही नको.

वाट किती बघायची, हे इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या हूसफील्ड वावरानं दाखवून दिलं आहे. तिथे १८५२ पासून एका तुकड्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत घालत आले आहेत. त्यातला कर्ब आधी झपाट्यानं चढला, मग चढण सपाट होत गेली. शेजारच्या तुकड्याला १८७१ पर्यंतच खत घातलं आणि थांबवलं. शतक उलटून गेलं तरी कधीच खत न घातलेल्या तुकड्यापेक्षा तिथे कर्ब जास्त आहे. पण चढलेला कर्ब तिथे खत थांबताच उतरणीला लागला. एकरी चौदा टन शेणखत दरवर्षी, तेही थंड हवेत! आपल्याकडच्या गोठ्यांची आजची अवस्था तुम्हाला मी सांगायला नको.

शेणखताबद्दल क्रेडिटवाले सहसा बोलत नाहीत असा एक प्रश्न आहे. ते आलं कुठून? दुसऱ्याच्या गोठ्यातून दहा गाड्या आणून तुमच्या वावरात टाकल्या, तर तुमचा कर्ब वाढला, पण ते खत जिथे पडायचं होतं तिथला तेवढाच हुकला. जगाच्या हवेतून काही कमी झालं नाही. कर्बानं फक्त जागा बदलली. ‘जास्तीचा’ म्हणायचा तो कर्ब, जो नाहीतर जळून किंवा कुजून हवेत गेला असता किंवा उगवलाच नसता. पेटवून दिलं जाणारं कुटार जमिनीत गेलं, तो जास्तीचा. रिकाम्या धुऱ्यावर गिरीपुष्प लावून त्याचा पाला सरीत टाकला, तोही जास्तीचा. गाळाचं गणित आणखी वेगळं. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतात पडू लागला, आणि २०१८ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात त्या कामानं चांगलाच जोर धरला होता. गाळातला कर्बही तलावातून उचललेलाच. पण बरड, मुरमाड रानावर गाळ टाकला की बारीक कण वाढतात, म्हणजे पुढचा कर्ब धरून ठेवायची जागाच वाढते. तुमच्या भारी रानाला त्याची गरज नाही. शेजारच्या बरडावर टाकला तर तिथे त्याचं सोनं होईल.

आणखी एक बिल हिशेबात धरायला हवं, नत्राचं. मातीतल्या पक्क्या सेंद्रिय पदार्थात दर दहा-बारा किलो कर्बामागे एक किलो नत्र अडकून बसतं. एकरी १.७ टन कर्ब साठवायचा तर दीडशे किलोंच्या आसपास नत्र कायमचं गुंतवावं लागेल. युरियाच्या ४५ किलोंच्या सात गोण्यांमध्ये असतं तेवढं. गव्हाचा भुसा किंवा पऱ्हाटीची कुट्टी नुसती गाडली की पुढचं पीक पिवळं पडतं, त्याचं कारण हेच. गिरीपुष्पाचा हिरवा पाला, तूर, मधल्या ओळीत उडीद-मूग या गोष्टी म्हणूनच कामाच्या. त्या कर्बाबरोबर नत्रही आणतात.

२०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सनं ‘हजारी चार’ अशी हाक दिली होती : जगातल्या जमिनींनी दरवर्षी आपल्या साठ्याच्या हजार भागांत चार भाग कर्ब वाढवावा. वरच्या एक मीटर मातीत हवेतल्यापेक्षा जवळपास पावणेदोन पट कार्बन आहे, त्यामुळे कल्पना मोहक होती. तुमच्या ८.२ टनांवर हजारी चार म्हणजे एकरी ३३ किलो. हे तुम्हाला नक्की जमेल, कुटारानंच जमेल. पण साठा कमी आहे म्हणून ते सोपं आहे. हाच आकडा सगळीकडे गाठायचा म्हटलं, तर त्यासाठीच्या पद्धती बऱ्याच ठिकाणी परवडत नाहीत, असं रोथॅमस्टेडच्याच शास्त्रज्ञांनी पुढे आपल्या जुन्या प्रयोगांवरून दाखवून दिलं.

आता पैशांचं. समजा तुम्ही एकरी वर्षाला १०० किलो कर्ब खरोखर वाढवला, म्हणजे माझ्या अंदाजाच्या मधोमध. कार्बन डायऑक्साइडमध्ये ते ०.३७ टन. एक क्रेडिट म्हणजे एक टन. पाच एकरांत वर्षाला १.८ क्रेडिट. त्यातून मोजमापातल्या अनिश्चिततेची कपात, पुढे कर्ब परत उडाला तर म्हणून राखून ठेवायचा वाटा, मोजणीचा आणि पडताळणीचा खर्च, मधल्या मंडळींचा हिस्सा. उरेल त्याला तुम्हाला सांगितलेला दर लावून बघा. कार्बन क्रेडिट देणाऱ्या ‘व्हेरा’ या संस्थेची २०२० मध्ये आलेली शेतजमिनीची पद्धत असो की केंद्रीय कृषी मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेली स्वेच्छा कार्बन बाजाराची चौकट, बाजार चालतो तो हजारो शेतकरी एकत्र आले तरच. एकट्या पाच एकरातली वाढ मोजायला येणारा खर्च त्या वाढीच्या किमतीपेक्षा जास्त. शिवाय वर्षाला ८,२०० किलोंमध्ये १०० किलो, म्हणजे सव्वा टक्का बदल. तो एका वर्षात कुठल्याही प्रयोगशाळेला दिसत नाही. पाच वर्षांनी पुसट दिसू लागेल, दहा वर्षांनी खात्रीनं. दरवर्षी पैसे देऊ म्हणणारे मोजून देत नाहीत, संगणकावरच्या गणितातून देतात. हे वाईट नाही, पण करारात ते लिहिलेलं असावं.

पाण्याबद्दलही थोडं. कर्ब एक टक्का वाढला की जमीन लाखो लिटर पाणी जास्त धरते, असे फलक कृषी प्रदर्शनांत दिसतात. जगभरच्या मोजमापांचा २०१८ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात कर्बाच्या पूर्ण एका टक्क्यामागे दर १०० मिलिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आतच वाढलेलं दिसलं, आणि भारी चिकणमातीत त्याहून कमी. तुमच्या एक दशांश टक्क्यानं ३० सेंमीत अर्धा मिलिमीटरही वाढणार नाही. कर्बाचा खरा फायदा दुसरीकडे आहे : माती रवाळ राहते, पहिल्या जोरदार पावसात पापुद्रा धरत नाही, पाणी वाहून न जाता मुरतं, वखर हलका चालतो आणि नत्र हळूहळू सुटत राहतं. हा फायदा वाढीच्या पहिल्या पन्नास किलोंपासूनच मिळू लागतो.

तेव्हा सही करण्याआधी एवढं करा. हरभरा निघाल्यावर, नांगरटीच्या आधी, वावराचे मातीच्या रंगावरून दोन-तीन भाग पाडा आणि प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी ३० सेंमीपर्यंतचे नमुने घ्या. एका भागाची माती एकत्र करा, चौभागणी करून अर्धा किलो ठेवा, धुऱ्याचा नमुना वेगळा बांधा. कृषी विद्यापीठाच्या किंवा शासनाच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना दोन्ही तपासून मागा, आणि जमलं तर घनताही. खड्ड्यांच्या जागा मोबाइलवर नोंदवून ठेवा, नमुना कोणत्या महिन्यात घेतला ते पत्रिकेच्या मागे लिहा, आणि पाच वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा द्या. सुरुवातीचा आकडा तुमच्या स्वतःच्या हातात असला, तर करारातल्या आकड्यावर तुम्हाला हरकत घेता येईल.